बाहेरची कडी

शैलाबाईंना ते घर पहिल्या दिवसापासून आवडलं नव्हतं, आणि न आवडायला काही कारण लागतं असं त्यांना वाटत नसे. हॅनोव्हरपासून बसने पाऊण तासावर एक खेडं, खेड्याच्या टोकाला झाडांची दुहेरी रांग, आणि रांगेच्या शेवटी सहा पांढऱ्या खांबांचं ते धूड. चारी बाजूंनी दुमजली व्हरांडा. जिथे वर्षातले आठ महिने ऊन शोधत फिरावं लागतं, तिथे सावलीसाठी एवढा खटाटोप करणाऱ्या माणसाचं डोकं ठिकाणावर नसणार, हे त्यांनी बॅग खाली ठेवायच्या आधीच ठरवून टाकलं. मागे तळं होतं, हिरव्या शेवाळाची साय धरलेलं. दुपारी खांब तापले की आतलं लाकूड कडकन वाजे, आणि शैलाबाई पोळी लाटता लाटता थबकून मागे बघत. मागे कोणी नसे.

तीन महिन्यांच्या व्हिसावर त्या सांगलीहून मुलाकडे आल्या होत्या. मुलगा यशोधन हॅनोव्हरला सॉफ्टवेअरमध्ये. सून वीणा पुण्यात शिकलेली आर्किटेक्ट. आता इथल्या युनिव्हर्सिटीत जुन्या इमारतींवर पीएच.डी. करत होती, आणि तिचा विषय म्हणजे हेच घर. मालकीणबाई फ्राऊ हार्टविग, ऐंशीच्या घरातल्या, कानांनी अधू, वरच्या मजल्यावर एकट्या राहत. तळमजला त्यांनी वीणाला दिला होता. उरली नात निधी, साडेपाच वर्षांची. तिला मराठी सगळं समजे, पण उत्तर जर्मनमध्ये येई. त्यामुळे आजी-नातीचा कारभार खुणांवर, हसण्यावर आणि साखरांब्यावर चालला होता.

या देशाविषयी शैलाबाईंची एक ठाम तक्रार होती. इथे दारांना बाहेरून कडी नसते. सांगलीच्या घरात खोलीतून बाहेर पडलं की कडी, न्हाणीघरातून बाहेर आलं की कडी, ओटा आवरला की स्वयंपाकघराला कडी. नाहीतर मांजर दुधात तोंड घालणार, नाहीतर पाल शिरणार. चाळीस-बेचाळीस वर्षांत हात इतका तयार झाला होता की कडी लावताना डोक्याला काही विचारावं लागत नसे. इथे मात्र हात दारामागे जाई आणि नुसता फिरून परत येई.

आणि मग त्यांना ती खोली सापडली. स्वयंपाकघरामागे एक अरुंद बोळ होता, त्यात वॉशिंग मशीन ठेवलेलं, आणि बोळाच्या टोकाला जाड ओक लाकडाचं बुटकं दार. दाराला बाहेरून चांगली हातभर लोखंडी कडी.

"चला," शैलाबाई म्हणाल्या, "या घरात एक तरी दार शहाण्या माणसानं केलंय."

वीणा हसली नाही. सासूबाईंच्या थट्टेला ती एरवी लगेच दाद द्यायची, म्हणून ते शैलाबाईंच्या लक्षात आलं.

"आई, ती कडी सामानासाठी नाहीये," ती म्हणाली. मग तिथेच, मशीनला टेकून, तिने सासूबाईंना घराचा इतिहास सांगितला.

घर बांधणारा आउगुस्ट ब्रेमर याच गावचा. तरुणपणी अमेरिकेत गेला, मिसिसिपी नदीच्या काठाला कापसाचा मळा केला. मळ्यावर एकशेचाळीस गुलाम. तिकडे यादवी होणार याचा वास त्याला आधीच आला असावा. १८५७ साली त्याने जमीन विकली, माणसंही विकली आणि बायकोला घेऊन परत आला. येताना मळ्यावरच्या घराचे नकाशे बरोबर आणले. हे त्याच घराची कॉपी होतं, खांबांसकट.

"आणि एक मुलगी आणली. चर्चच्या रजिस्टरमध्ये नोंद आहे. बाप्तिस्मा, नाव क्रिस्टियाने, वय अंदाजे दहा. तिचं आधीचं नाव कुणी लिहिलंच नाही. इथे गुलामी चालत नव्हती, म्हणून कागदावर ती मोलकरीण. पण राहायची या खोलीत. ब्रेमरच्या बायकोचं बहिणीला लिहिलेलं पत्र मिळालंय मला. म्हणते, पोरीला इथली भाषा येत नाही, बाहेर गेली तर वाट चुकेल, म्हणून आम्ही नसलो की दार लावून जातो. तिच्याच भल्यासाठी."

"मग काय झालं तिचं?"

"तिसऱ्या हिवाळ्यात गेली. छातीचा आजार." वीणाने दार पुढे ओढून त्याची आतली बाजू दाखवली. कमरेच्या उंचीवर लाकूड उघडं पडलं होतं आणि त्यात खाचा होत्या, बारीक, शेजारीशेजारी, गुळगुळीत झालेल्या. "यावर रंगाचे तीन थर होते. मी एकेक काढला. रंग दिला म्हणून काही जात नाही आई. खाली असतंच."

"काय एकेक माणसं असतात," शैलाबाई म्हणाल्या आणि दूध उतू जातंय म्हणून लगबगीने आत गेल्या. गॅसवर दूध नव्हतं.

ती खोली घरातली सगळ्यात थंड जागा होती, म्हणून लोणच्याच्या आणि साखरांब्याच्या बरण्या तिथे ठेवायला वीणाने परवानगी दिली. आत दिवा नव्हता. छतालगत विटेएवढा झरोका तेवढा. "फक्त कडीला हात लावू नका हं," तिने बजावलं. "डेंकमालआम्टने, म्हणजे इथल्या पुरातत्त्व खात्याने, या घरातला खिळासुद्धा हलवायला बंदी केलीय. मी स्वतः ती कडी कधीच लावत नाही. दार उघडंच असतं." शैलाबाईंनी मान हलवली. ऐकण्याचं काम कानांनी केलं. हातांना कोण सांगणार?

त्या उन्हाळ्यात फुटबॉलचा वर्ल्ड कप जर्मनीतच होता. शुक्रवारी संध्याकाळी पाचला जर्मनीची मॅच. यशोधन ऑफिसातूनच मित्रांबरोबर शहरातल्या मोठ्या पडद्यासमोर जाणार होता. वीणा हॅनोव्हरच्या दफ्तरखान्यात कागद बघायला गेली होती आणि सव्वासहाला गावात पोचणाऱ्या बसने परतणार होती. सगळं गाव अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये टीव्हीपुढे जमलं होतं. रस्त्यावर माणूस सोडा, कुत्रंही नव्हतं. घरात शैलाबाई, निधी आणि वर वामकुक्षी घेणाऱ्या फ्राऊ हार्टविग.

साडेचारला निधीने "आजी, मार्मेलाड" म्हणून फर्मावलं. तिच्या लेखी साखरांबा म्हणजे मार्मेलाड. शैलाबाई वाटी-चमचा घेऊन बोळात गेल्या. वॉशिंग मशीन नुकतंच लावलेलं, घरघरत होतं. वाटी भरली, बरणीचं फडकं बांधलं, आणि एका हातात वाटी, दुसऱ्यात चमचा घेऊन त्या बाहेर आल्या. दार कोपराने लोटलं आणि करंगळीने कडी खाली पाडली. बेचाळीस वर्षं हात जे करत आले होते तेच हातांनी केलं. निधी त्यांच्या मागून पाऊल न वाजवता आत शिरली होती आणि बटाट्यांच्या खोक्यामागे लपून, आजी आपल्याला शोधील म्हणून तोंडावर हात धरून बसली होती. मागे वळून बघावं असं शैलाबाईंना वाटलं नाही.

"निधी, ये गं." टेबलावर पोळी ठेवत त्यांनी हाक मारली. उत्तर नाही. पोर लपलंय, हे त्यांच्या लक्षात आलं. लपाछपी हा निधीचा रोजचाच उद्योग. पलंगाखाली पाहिलं, पडद्यांमागे पाहिलं, कपाट उघडलं. लटकं रागावून झालं, "मी खाऊन टाकते हं" म्हणून झालं. दहा मिनिटांनी त्यांचा आवाज बदलला. व्हरांड्यात आल्या, चारी बाजूंनी फिरल्या. आणि मग मागच्या पायरीवरून त्यांना तळ्याच्या काठाला पिवळं काहीतरी दिसलं.

निधीची चप्पल. एकच.

ती चप्पल सकाळपासून तिथे असेल, पोर कायम एक चप्पल कुठेतरी विसरतं, हे शैलाबाईंना ठाऊक होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. त्या काठापर्यंत धावल्या. शेवाळाची साय एका जागी फाटलेली होती, परातीएवढी. बदकाने फाडली असेल. देवा, बदकानेच फाडलेली असू दे. त्यांनी पातळ वर खोचलं आणि गुडघ्याइतक्या पाण्यात उतरल्या, हातांनी खालचा चिखल चाचपत राहिल्या. चिखल थंड होता, आणि हाताला जे जे लागलं ते फांदी निघालं.

मग त्या वरच्या मजल्यावर धावल्या आणि दोन्ही मुठींनी दार बडवलं. फ्राऊ हार्टविगने दार उघडलं तेव्हा दारात कोपरापर्यंत चिखलाने माखलेली बाई उभी होती. तिच्याशी बोलायला शैलाबाईंकडे एकही शब्द नव्हता. "निधी," त्या म्हणाल्या. "निधी. निधी." आणि खाली तळ्याकडे बोट दाखवलं. म्हातारीने तळ्याकडे पाहिलं. तिने फोन उचलला.

शैलाबाईंनी यशोधनला फोन लावला. तो मॅचच्या गोंगाटात, उचलतो कशाला. वीणाच्या मोबाइलवर कुणीतरी जर्मन बाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. मग त्या परत घर धुंडाळू लागल्या. प्रत्येक खोली, प्रत्येक कपाट, कपडे ठेवायची पेटीसुद्धा. बोळात तीनदा गेल्या. वॉशिंग मशीन आता जोरात फिरत होतं, जमीन थरथरत होती. टोकाच्या दाराला कडी लावलेली होती, आणि बाहेरून कडी असलेल्या खोलीत माणूस असेल कसं? तीनदा त्या तिथूनच मागे फिरल्या.

अग्निशमन दलाचे सहा-सात बाप्ये हॉलमधून तसेच आले. टीव्हीपुढून उठलेले, गालांवर काळा-लाल-पिवळा झेंडा रंगवलेला. त्यांच्या हातांत लांब दांड्यांना लावलेले आकडे होते. रंगवलेल्या गालांनी ते तळ्यात आकडे घालू लागले. आकडा आत जाई, घुसळला जाई, वर येई, आणि दर वेळी शैलाबाई डोळे मिटून घेत. इतकी भीती त्यांना जन्मात वाटली नव्हती, नवऱ्याच्या शेवटच्या आजारातही नाही. एकदा गावाकडून मोठा आरडाओरडा झाला. सापडली, असं वाटून त्यांनी किंकाळी फोडली. तो हॉलमधल्या मॅचचा आवाज होता. फ्राऊ हार्टविगने त्यांचा चिखलाचा हात धरला आणि सोडला नाही.

वीणा झाडांच्या रांगेतून धावत आली. बसमधून उतरतानाच तिला बंबाची लाल गाडी दिसली असावी. तळ्यातले आकडे बघून ती थांबली, आणि सासूसमोर येऊन उभी राहिली.

"कधीपासून?"

"साडेचार. अगं, साखरांबा काढून आणला आणि बघते तर..."

"घरात पाहिलंत? सगळ्या खोल्या?"

"सगळ्या. ती बोळातली सोडून. तिला कडीच आहे."

वीणाने त्यांच्याकडे पाहिलं. "आई," ती हळूच म्हणाली, "तिला कधीच कडी नसते."

पुढचं शैलाबाईंना तुकड्यातुकड्यांनीच आठवे. वीणाचं धावणं, स्वतःचे चिखलात घसरणारे पाय, लोखंडाचा खणकन आवाज. वॉशिंग मशीन तेव्हा थांबलं होतं आणि बोळात शांतता होती. निधी दाराला चिकटूनच बसलेली. फ्रॉक ओला झाला होता. ती रडत नव्हती. रडून झालं होतं. आवाज बसल्यामुळे तिने आईला जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं ते नुसतं कुजबुजल्यासारखं आलं. मग आईच्या खांद्यावरून तिने आजीला पाहिलं, आणि आजीला समजावं म्हणून एकेक शब्द जुळवत मराठीत म्हणाली, "आजी, मी हाका मारल्या. आधी डॉइचमध्ये. मग मराठीत."

आठ वाजले तरी बाहेर लख्ख उजेड होता. यशोधन टॅक्सी करून आला होता आणि स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होता. "हे घर सोडायचं," तो म्हणत होता. "उद्याच्या उद्या. मला तुझी पीएच.डी. नको नि काही नको." फ्राऊ हार्टविग टेबलाशी रडत बसल्या होत्या. कडी उपटून टाका, आपल्या आजोबांनीच टाकायला हवी होती, असं त्या म्हणत असल्याचं वीणाने सांगितलं. निधी आईच्या मांडीवर बसून साखरांब्याशी पोळी खात होती.

"पण लागलीच कशी?" यशोधनने विचारलं. "कुणी लावली?"

वीणा, सासूबाईंकडे न बघता म्हणाली, "जुनं लोखंड आहे. दार आपटलं असेल, पडली असेल आपोआप."

वाट मोकळी होती. शैलाबाईंना ती स्पष्ट दिसली. नुसतं गप्प राहायचं. कडी पडली आपोआप, पोर सापडलं, देवाची कृपा. बोललं तर मुलगा पुन्हा कधी लेक एकटी आपल्या हवाली करणार नाही, हे त्यांना कळत होतं.

"दाराला खड्डे आहेत," निधी अचानक म्हणाली. आज ती मराठीच बोलत होती. तिने चारही बोटं वर करून दाखवली, साखरांब्याने माखलेली. "आतून. माझी बोटं बसतात."

"कडी मी लावली," शैलाबाई म्हणाल्या.

यशोधन थांबला. "अगं, चुकून..."

"चुकून नाही. सवयीनं." आता थांबणं शक्य नव्हतं. "वीणा, तू त्या पत्रातलं सांगितलंस ना, भाषा येत नाही, वाट चुकेल. त्या दिवशी मी उठून गेले. दूधबिध काही नव्हतं गॅसवर. यशोधन, तुला कुसुम आठवते?"

"कामाला होती ती? जतकडची?"

"तुझ्याच वयाची. दहा वर्षांची आणली होती. आम्ही लग्नाकार्याला गेलो, बाजारात गेलो, दुपारी पडलो, की मागच्या खोलीत घालून कडी लावायचो. नवखी पोर, सांगलीत हरवली तर तिच्या आईला काय सांगू, म्हणून. मी पण असंच म्हणायचे बघ. तिच्याच भल्यासाठी. तू विचारायचास, कुसुम का येत नाही खेळायला? मी सांगायचे, झोपलीय."

"आई, तेव्हा सगळीकडेच..."

"झोपलेली नसायची. हाका मारायची. पहिले काही महिने मारायची, मग बंद झाली. मला वाटलं, रुळली." पदराचा ओला, चिखलाचा बोळा त्यांनी मुठीत गच्च धरला होता. "आज दीड तासात माझा जीव जायची वेळ आली. ती चार वर्षं होती माझ्याकडे."

फ्राऊ हार्टविगला काही कळत नव्हतं. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. वीणाने तिला सांगितलं नाही. निधीला तिने मांडीवर नीट ओढून घेतलं आणि सासूबाईंचं अजून काहीतरी सांगायचं बाकी आहे हे ओळखून वाट पाहत राहिली.

"त्या दाराचा रंग आतून गेला होता," शैलाबाई म्हणाल्या. "कमरेएवढ्या उंचीवर. दार खराब केलं म्हणून मी तिला रागावले होते. मग तुमचं लग्न ठरलं, पाहुणे येणार, म्हणून रंगवून घेतलं."

यशोधन खुर्चीवर बसला. बाहेर उन्हाने तापलेला एक खांब कडकन वाजला. या वेळी शैलाबाईंनी मागे पाहिलं नाही.

"किती हात दिले होते?" वीणाने विचारलं.

"दोन," शैलाबाई म्हणाल्या. "हिरवा ऑइलपेंट, दोन हात. खाली असेलच अजून."